गुहागरसाठी जुनी इलेक्ट्रिक कार: पैसे नक्की कुठे जातात?

आगरवाट

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळ राहतो, नोकरी चिपळूणला. जाऊन-येऊन रोज नव्वद किलोमीटर होतात. पेट्रोलला महिन्याला १४ हजारांच्या आसपास जातात आणि घरातल्या दोन मुलांच्या फीचा आकडा आता जवळपास तेवढाच झाला आहे. म्हणून जुनी इलेक्ट्रिक कार बघायला लागलोय. नवीन परवडत नाही.

एक गाडी हाताशी आली आहे. फेब्रुवारी २०२१ची, पासिंग एमएच-१०, एकच मालक, ५८,००० किमी, ३० किलोवॅटतासांची (म्हणजे ३० युनिटांची) एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीची बॅटरी. मागतायत ६ लाख ९० हजार. बॅटरी-मोटरवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी आहे, म्हणजे अजून पावणेचार वर्षं शिल्लक. मालक म्हणतो बॅटरीची तब्येत ९४ टक्के आहे, म्हणजे नवी असताना मावायची त्याच्या ९४ टक्के वीज अजून मावते. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखीतून आलेली गाडी आहे.

फोनवर त्यांनी प्रामाणिकपणे तीन गोष्टी सांगितल्या. खड्ड्यातून जाताना पुढून टकटक येते. चार्जिंगची गन कधी कधी सुटत नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी एकदा सकाळी गाडी उघडलीच नाही, मग आपोआप ठीक झाली.

माझा प्रश्न सरळ आहे. आपल्या समुद्राकाठी अशी जुनी गाडी वापरणाऱ्यांना वर्षाकाठी काय काय खर्च आले? बॅटरीचीच धास्ती घ्यायची की आणखी कशाची? मिरगाच्या आत निर्णय घ्यायचाय, कारण माझी आत्ताची गाडी हा पावसाळा काढणार नाही.

मांडवी

फणस घेताना आपण देठ बघतो, काटे बघतो, ठोकून आवाज ऐकतो. इथेही तेच. न बघता आगाऊ रक्कम देऊ नका एवढंच आत्ता सांगते, बाकी जाणकार येतीलच.

जांभा

रत्नागिरीत तीन वर्षं अशीच जुनी घेतलेली गाडी चालवतोय, ४१,००० किमी स्वतः केले. तुमच्या तीन तक्रारींवर एकेक बोलतो.

सकाळी गाडी उघडली नाही ती मोठ्या बॅटरीमुळे नव्हे. बोनेटखाली साध्या गाडीसारखीच एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. कुलूप, स्क्रीन, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर चालतं. मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारा जो कॉन्टॅक्टर आहे, तो जोडला जायलाही हिचाच करंट लागतो. ही मेली की मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असूनही गाडी ढिम्म. तीन-चार वर्षांत ती बदलायचीच असते. मला ६,२०० रुपये लागले. घ्याल त्या दिवशी नवी टाका आणि विषय संपवा.

पुढची टकटक म्हणजे बहुतेक सस्पेंशनचा लिंक रॉड, नाहीतर लोअर आर्मचे बुश. बॅटरीमुळे या गाड्या जड असतात आणि आपला हायवे कसा आहे हे तुम्हाला सांगायला नको. माझे दोन्ही बाजूंचे मिळून मजुरीसकट ७,८०० झाले.

गन न सुटणं मात्र नीट बघून घ्या. सॉकेटमध्ये गन धरून ठेवणारी एक खीळ असते, ती छोट्या मोटरने मागेपुढे होते. धूळ आणि गंज धरला की अडकते. नुसती साफ करून भागलं तर काहीच खर्च नाही, बदलावी लागली तर मला ६,५०० सांगितले होते. टॉर्च मारून सॉकेटच्या पिना बघा. चकचकीत असल्या तर छान. हिरवट थर दिसला तर पाणी गेलेलं आहे.

तिरफळ

मी उलट बाजूने बोलतो. कोकणात जुनी इलेक्ट्रिक गाडी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. अधिकृत वर्कशॉप लांब, आणि तिथेही मोठ्या व्होल्टेजवर हात घालणारा माणूस आठवड्यातून एकदा येतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती. आमच्या घरात म्हातारी माणसं आहेत. रात्री दोनला दवाखाना गाठायचा असेल तर गाडी निघालीच पाहिजे. पेट्रोलचा कॅन शेजाऱ्याकडून आणता येतो, करंट आणता येत नाही.

सुरंगी

तिरफळ, तुमची काळजी खरी आहे. आमच्याकडे म्हणूनच जुनी पेट्रोल स्कूटर आणि सासऱ्यांची छोटी गाडी अजून ठेवली आहे. पण आगरवाट यांचं रोजचं नव्वद किलोमीटर म्हणजे १३ युनिटांच्या आसपास. रात्री पूर्ण भरून ठेवली तर वीज गेली तरी दोन दिवस निघतात. घरात दुसरं वाहन असलं की प्रश्न बराच हलका होतो.

आता माझा अनुभव. जरा लांबेल, पण यातून कोणाचे तरी सहा लाख वाचतील म्हणून सगळं लिहिते.

आम्ही देवगडला. गाडी पुण्याहून आणलेली, तीन वर्षांची. मागच्या वर्षी जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि दोन दिवसांनी स्क्रीनवर इन्सुलेशन बिघाडाचा, म्हणजे मोठ्या व्होल्टेजचा करंट कुठेतरी गळतोय असा, लाल इशारा आला. गाडीचा वेग आपोआप कमी झाला. बंद करून चालू केली की जायचा, मग परत यायचा. जवळच्या गॅरेजवाल्याने हातच लावला नाही. वर्कशॉपमध्ये फोन केला तर तिथल्या माणसाने न बघताच सांगितलं, ‘बॅटरीत पाणी गेलं असणार.’ वॉरंटीत बसलं नाही तर सहा लाखांच्या वर तयारी ठेवा म्हणाले. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी मुलाच्या जुन्या वहीत लिहायला लागले. तारीख, पाऊस होता का, किती किलोमीटर, चार्जिंग कधी, एसी लावला का, इशारा किती वाजता आला. आठ दिवसांत दिसलं की पावसाचा संबंधच नाही. ज्या दिवशी एसी लावला नाही त्या दिवशी इशारा आला नाही. लावला की पाच-सात मिनिटांत हजर.

वही घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या एका तरुण मुलाने ती नीट वाचली, त्याचे उपकार विसरणार नाही. त्याने एसीच्या कॉम्प्रेसरची केशरी, म्हणजे मोठ्या व्होल्टेजची वायर सोडवली आणि बाकीच्या गाडीचं इन्सुलेशन मोजलं. अगदी ठणठणीत. मग एकट्या कॉम्प्रेसरचं मोजलं तर काटा पार खाली. बॅटरीला काहीही झालं नव्हतं. आधीच्या मालकाने रस्त्यावरच्या एसीवाल्याकडे गॅस भरून घेतला होता आणि त्याने साध्या गाडीचं तेल आत सोडलं होतं.

कॉम्प्रेसर, पाइप धुणं, ड्रायर, नवं तेल, गॅस सगळं मिळून ६१,४०० झाले. गाडी सपाट ट्रकवर चढवून नेण्याचे ९,०००. रक्कम मोठीच, पण सहा लाखांसमोर आम्हाला ती देवाने दिल्यासारखी वाटली.

जांभा

सुरंगीताई, हे तुम्ही लिहिलंत फार बरं केलंत. कारण थोडक्यात जोडतो. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो, तिथे तेल फक्त वंगणाचं काम करतं. इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसरच्या पोटातच मोटर असते. तिचं तीनशेहून जास्त व्होल्टचं वाइंडिंग त्याच गॅस-तेलात बुडलेलं असतं. म्हणून पीओई जातीचं, वीज न वाहणारं तेल लागतं. साध्या गाड्यांचं पीएजी तेल ओल धरतं आणि करंट गळायला लागतो. थोडं जरी मिसळलं तरी पुरतं. आगरवाट, मालकाला नक्की विचारा की एसीचा गॅस कधी आणि कुठे भरला.

आणि गाडी ओढून नेण्याबद्दल: पुढची चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढू नका. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. सपाट ट्रकच बोलवा.

बावखोल

माझे हय वेगळोच प्रकार झालो. बोनेटात घुशीन बिऱ्हाड केल्यान आणि केशरी वायर अर्धी खाल्ल्यान. वॉरंटीत बसणा नाय म्हणान सांगितल्यानी. इन्शुरन्सातून पैसे गावले, पण दोन महिने गाडी खळ्यात उभी. आता रोज रात्री बोनेट उघडा टाकून आत एक बल्ब लावन ठेवतंय. तेव्हापासून घूस फिरकाक नाय.

मांडवी

आमच्या वाडीत तंबाखूची पानं बांधतात बोनेटमध्ये. उपयोग होतो असं शेजारी सांगतात.

विषय निघालाच आहे तर विचारते, या गाड्यांच्या डिकीत आंब्याच्या पेट्या किती बसतात? आमचा मे महिना सगळा त्यातच जातो.

सुरंगी

मागची सीट पाडली की पाच डझनी चौदा बसवल्यात आम्ही. पण मग मागचे टायर बघत राहायचं. टायर या गाड्यांचे लवकर जातात हे खरंच आहे. आमचे ३२,००० किमीत संपले, चार नव्यांचे ३४,०००. हा खर्च कोणी आधी सांगत नाही.

नाना_वायरमन

गाडीचं सगळे बोलतात, घराचं कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. तीस वर्षं वायरिंग करतोय, गेल्या चार वर्षांत बावीस घरांत गाडीची चार्जिंग लाइन टाकली. गाडी चार्ज होत नाही म्हणून मला फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा गाडी ठीक असते, अर्थिंग गेलेलं असतं.

आपल्याकडे खाली जांभा. पावसाळ्यात ओलावा असतो तोवर अर्थिंग चांगलं मिळतं. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि चार्जरवर लाल दिवा लागतो. लोक म्हणतात केबल बिघडली, आणि पंचवीस-तीस हजारांची नवी केबल मागवतात. आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून बघा.

नवा खड्डा करायचा तर आठ-नऊ फूट खोल, जांभा फोडून मधे माती भरायची, कोळसा आणि मीठ थरांनी, वर पाणी घालायला पाइप. पाच ओहमच्या खाली आलं पाहिजे. गाडीसाठी मीटरपासून वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा आरसीबीओ (करंट गळला किंवा जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच), आणि साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटऐवजी निळा इंडस्ट्रियल सॉकेट. आठ-आठ तास सलग चौदा अँपिअर ओढल्यावर साधा सॉकेट वितळतो. मी काळे पडलेले किती काढले त्याला गणती नाही. विजा फार होतात म्हणून सर्ज प्रोटेक्शनही बसवा. सगळं मिळून अंतराप्रमाणे १५ ते २२ हजार येतात.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. लाल दिवा जावा म्हणून काही जण सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते, सगळे खूश. पण खांबावरचा न्यूट्रल तुटला की गाडीचा पत्रा जिवंत होतो. पावसात, ओल्या अंगणात, लहान मूल दाराला हात लावतं. कोणी असं करून दिलं असेल तर आजच्या आज काढून टाका.

आगरवाट

नाना, तुमचं वाचून उठलो आणि पंपाच्या लाइनचा सॉकेट उघडून बघितला. आत जोडलेलंच होतं. कधी कोणी केलं माहीत नाही. लगेच मेन बंद केला. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

नाना_वायरमन

आभार नकोत. खड्ड्याला जागा कुठे आहे तेवढं सांगा, विहिरीच्या बाजूला असली तर उत्तम.

घाटमाथा

कराडहून लिहितोय, सासुरवाडी चिपळूण, त्यामुळे कुंभार्ली घाट महिन्यातून दोनदा. जुनी गाडी घेणारे नेहमी विचारतात की घाट चढेल का. हिशेब सोपा आहे. माणसं-सामानासकट १,७५० किलो आणि सहाशे मीटर चढ धरला तर फक्त उंची चढायला तीनेक युनिट जातात. ३० युनिटांच्या बॅटरीत दहा टक्के. अंतराचा खर्च त्यावर वेगळा. उतरताना त्यातलं निम्म्याहून जास्त परत मिळतं.

पण वरून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली नको. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालायला जागा नसते, मग रीजन, म्हणजे मोटरनेच वेग रोखून वीज परत भरणं, मिळत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. कोयनानगरच्या बाजूने निघताना मी नव्वदच्या वर कधीच ठेवत नाही.

ब्रेकवरून आठवलं. तुमच्याकडच्या गाडीचे ब्रेक बघायला विसरू नका. रीजनमुळे ते वापरलेच जात नाहीत, आणि खाऱ्या हवेत डिस्क गंजते.

जांभा

अगदी बरोबर. माझ्या पुढच्या डिस्क आणि पॅड बदलायला ९,५०० गेले, तेही ३६,००० किमीला. पॅड अजून जाडजूड होते, डिस्कच खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. आता आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर रीजन शून्यावर ठेवून चार-पाच वेळा दाबून ब्रेक मारतो. डिस्क घासून स्वच्छ राहते.

खाडीकाठचा

दाभोळ-धोपावे जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, जाणाऱ्यांसाठी एक. भरतीच्या वेळी रॅम्पवर खारं पाणी असतं आणि गाडी त्यातून उतरते. त्या दिवशी घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा. साध्या पाइपने धुवा, जोराच्या प्रेशरने केशरी जोडांवर मारू नका. आणि पुळणीवर गाडी घालणारा मालक असेल तर त्याच्याकडून गाडी घेऊच नका. बॅटरीच्या पेटीला बाहेरून संरक्षण असतं, पण तिला धरून ठेवणारे बोल्ट, ब्रॅकेट, पाइप यांना मीठ खातंच.

शेवग्याची_शेंग

आम्ही मुंबईला असतो, गाडी गावी मालगुंडला. गेल्या गणपतीत आलो तर दारच उघडेना, सगळं घर दारात सामान घेऊन उभं. वर जांभा यांनी लिहिलेली छोटी बॅटरीच होती. दोन महिने गाडी बंद होती. आता जाताना तिची वायर काढून ठेवतो आणि मोठी बॅटरी निम्म्यावर सोडतो. तेव्हापासून त्रास नाही.

तिरफळ

सगळं वाचतोय. तरीही मूळ भीती बॅटरीचीच आहे ना? वॉरंटी संपल्यावर सहा लाख कोण घालणार?

जांभा

त्याबद्दलही बोलू. ब्लूमबर्गच्या सर्वेक्षणात २०२४ साली बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव किलोवॅटतासाला ११५ डॉलर होता. ३० ला ३,४५० डॉलर, म्हणजे तीन लाखांच्या जवळ. तुमच्या हातात येईपर्यंत त्यात पेटी, कंट्रोल सर्किट, वाहतूक, १८ टक्के जीएसटी, मजुरी हे सगळं चढतं. पण पूर्ण पॅक एकदम मरतो असं क्वचितच. एखादा सेल किंवा सेन्सर जातो आणि तो भाग बदलता येतो. एलएफपी जातीच्या सेलची झीज हळू होते. उन्हात शंभर टक्के भरून महिनोन् महिने उभी ठेवणं हे तिला सगळ्यात वाईट.

मालकाच्या ९४ टक्क्यांवर मात्र नुसता विश्वास नको. घरीच करता येणारी चाचणी सांगतो. सबमीटर लावायचा, २० टक्क्यांवरून १०० पर्यंत घरच्या लाइनवर सावकाश भरायची. नव्या ३० च्या बॅटरीला त्यात २४ युनिट जातात, आणि चार्जरमधला तोटा धरून मीटरवर २७ च्या आसपास पडतात. २५ पडले तर ठीक, २२ पडले तर किंमत पाडून मागा. एलएफपीमध्ये टक्केवारीचा अंदाज घसरतो, म्हणून आधी एकदा पूर्ण भरून मगच खाली आणायची.

वशिष्ठीकर

धागा पहिल्यापासून वाचला. एका गोष्टीकडे कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. एमएच-१० म्हणजे सांगली. गाडी फेब्रुवारी २०२१ची. त्याच जुलैत सांगलीत पूर आला होता.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी होतं. माझी पेट्रोल गाडी दोन दिवस गाळात होती. त्यानंतर सहा महिने मी ती दुरुस्त करण्यात घालवले, म्हणून गाळ कुठे लपतो हे मला माहीत आहे. गाडी कितीही धुतली तरी सीटबेल्टच्या रिळाच्या आतला पट्टा कोणी धूत नाही. पाचही पट्टे पार शेवटपर्यंत ओढून बघा. आडवी तपकिरी रेघ दिसेल. पट्ट्याच्या मुळाशी लेबल असतं, त्यावर बनवल्याची तारीख असते, ती गाडीच्या तारखेशी जुळवा. सीटखालच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्याला हात फिरवून बोटाला बारीक माती लागते का, ते बघा. माती चिमटीत चोळा. पुराचा गाळ पिठासारखा मऊ असतो, रस्त्याची धूळ खरखरते.

बॅटरीच्या पेटीवर आयपी६७ लिहिलेलं असतं. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल एवढंच. आमच्याकडे पाणी अर्ध्या तासात ओसरलं नव्हतं.

आगरवाट

वशिष्ठीकर दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी जातोय, सगळं बघून लिहितो.

आगरवाट

काल सांगलीहून परत आलो. उशीर झाला, माफ करा. नीट लिहायचं होतं.

गाडी बघताक्षणी आवडली. रंग, सीट, टायर सगळं सांभाळलेलं. ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या तपासणीच्या सॉकेटला) जोडून बघितलं, बॅटरीची तब्येत खरंच ९४ दाखवत होती आणि सगळ्या सेलचे व्होल्टेज जवळजवळ सारखे होते. मालक सज्जन आहे, त्याने त्या बाबतीत खोटं सांगितलं नव्हतं. सॉकेटच्या पिना चकचकीत. टकटक लिंक रॉडचीच.

मग पट्टे ओढले. पुढचे दोन्ही कोरे करकरीत. मनात हायसं वाटलं. पण लेबल बघितलं तर दोन्हींवर ऑक्टोबर २०२१. गाडी फेब्रुवारीची. मागचा डावा पट्टा पार शेवटपर्यंत ओढला. रिळापासून वीतभर अंतरावर फिकट तपकिरी रेघ होती, नखाने खरवडल्यावर पावडर निघाली. चिमटीत चोळली. पीठच.

मी काही बोललो नाही, नुसता पट्टा धरून त्यांच्याकडे बघितलं. ते खाली बसले आणि म्हणाले, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी आलं होतं, सीटच्या खालपर्यंत. इन्शुरन्सने सगळं करून दिलं, तेव्हापासून कधी बंद पडली नाही. त्यांनी तिथल्या तिथे ५ लाख ४० हजारांवर आणली. वर्कशॉपमध्ये विचारलं तर बॅटरीच्या वॉरंटीचं उत्तर मिळालं की पाण्याची नोंद असेल तर दावा आला तेव्हा तपासून ठरवू.

आता मन दोन्हीकडे ओढतंय. दीड लाख कमी म्हणजे आमच्यासाठी मोठी रक्कम आहे.

घाटमाथा

मी घेतली असती. चार वर्षं आणि पन्नास हजारांहून जास्त किलोमीटर ती त्या पुरानंतर चालली आहे. जे जायचं होतं ते पहिल्या दोन वर्षांतच गेलं असतं. वाचलेल्या दीड लाखातून दोन कॉम्प्रेसर येतात.

वशिष्ठीकर

घाटमाथा, तुमच्या कराडला असती तर मीही कदाचित हो म्हटलं असतं. तिकडची हवा कोरडी आहे. ती गाडी आता गुहागरला येणार, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जिथे घरातल्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या दोन वर्षांत गंजतात. ज्या जोडात एकदा गाळाचं पाणी शिरलं तिथला तांब्यावरचा मुलामा आधीच खराब झालेला असतो. माझ्या गाडीचं वायरिंग पुरानंतर दीड वर्षाने, ऐन श्रावणात जायला लागलं. आज हेडलाइट, उद्या एअरबॅगचा दिवा. एकेक जोड शोधायला मेकॅनिकचे दिवसच्या दिवस गेले. तिथे १२ व्होल्ट होते, इथे तीनशे आहेत. आणि बॅटरी गेली तर वॉरंटीचं उत्तर तुम्हाला आजच मिळालं आहे.

सुरंगी

मी वशिष्ठीकर यांच्या बाजूने. त्या लाल इशाऱ्याने आमची एक महिन्याची झोप गेली होती, आणि आमची गाडी पाण्यात बुडालेलीही नव्हती.

तिरफळ

आगरवाट, मी विरोधातच होतो, पण तुम्ही ज्या बारकाईने बघताय ते बघून सांगतो, चांगली गाडी मिळाली तर जरूर घ्या. ही नको.

आगरवाट

काल रात्री घरी बसून सगळं पुन्हा वाचलं, बायकोलाही वाचायला दिलं. ती म्हणाली मुलं मागे बसणार आहेत, आणि त्या पट्ट्यावर ती रेघ आहे हे मला माहीत असणार. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी मालकांना फोन करून नाही म्हटलं. पुढच्या माणसाला आधीच सांगा अशी विनंती केली, त्यांनी हो म्हटलं.

रत्नागिरीत एक गाडी कळली आहे. एमएच-०८, २०२२ची, डॉक्टरांची, ७४,००० किमी, ७ लाख ६० हजार. किलोमीटर जास्त आहेत, पण रोज घर ते दवाखाना आणि घरच्या चार्जरवरच. एसीचा गॅस कधीच भरलेला नाही म्हणतात, पावत्या बघायला मिळतील. नानांनी सांगितलेला खड्डा विहिरीपाशी खणून झाला, कोळसा आणून ठेवलाय.

जांभा

रत्नागिरीत असाल तर गाडी आदल्या रात्री माझ्याकडे उभी करायला सांगा. माझ्या लाइनवर सबमीटर आहे, २० ते १०० करून सकाळी आकडा हातात देतो.

नाना_वायरमन

इन्सुलेशन मोजायचा मेगर माझ्याकडे आहे. केशरी जोड कोणी उघडायचे नाहीत, वर्कशॉपच्या माणसासमोरच बघू.

वशिष्ठीकर

रविवारी सकाळी सातला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर थांबतो, मला तिथून घ्या. टॉर्च आणतो. पट्टे मी ओढतो.